कालव्याच्या अलीकडे पडलेले विमान

चार वर्षांपूर्वी, संक्रांत होऊन आठवडा उलटला होता त्या मंगळवारी सकाळी, सेलू तालुक्यातल्या एका शिवारात कालव्याच्या भरावावर आदळून प्रवासी विमान फुटले. नागपूरहून उडालेले, दोन पंख्यांचे, सत्तरेक आसनांचे विमान होते. मुख्य वैमानिक आणि आठ प्रवासी मरण पावले. बाकीचे वाचले; त्यांतल्या काहींना पुन्हा पूर्वीसारखे चालता आले नाही. उडाल्यानंतर थोड्याच वेळात विमानाला पक्षी धडकले होते.

बातमी एवढीच. काही दिवस ती पहिल्या पानावर राहिली, मग आतल्या पानावर गेली, मग बंद झाली. वर्धा जिल्ह्याचा वार्ताहर म्हणून मी निवृत्तीपर्यंत बरेच पूर, बऱ्याच निवडणुका आणि हायवेवरचे न मोजता येण्याइतके अपघात छापायला पाठवले. या अंकासाठी कामाबद्दल लिहायला सांगितले तेव्हा त्यातले काहीच घ्यावेसे वाटले नाही. हा एक अपघात घेतला आहे, कारण बातमी बंद झाल्यावरही त्यातला एक माणूस त्यातून बाहेर पडला नव्हता.

जिल्हा वार्ताहराचे काम बाहेरून वाटते त्याहून रुक्ष असते. निम्मा दिवस फोन घेण्यात जातो. फोन करणाऱ्यांपैकी निम्म्यांना सत्कार छापून हवा असतो, उरलेल्यांना दुसऱ्याचा सत्कार छापून यायला नको असतो. अधूनमधून खरी बातमी येते, आणि ती खरी आहे की नाही हे ठरवणे हाच या धंद्याचा गाभा. त्यासाठी पहिला प्रश्न ठरलेला असतो. त्या सकाळी सेलूच्या एका खतविक्रेत्याचा फोन आला.

"साहेब, आमच्याइकडं इमान पडलं."

"तुम्ही पाहिलं, की ऐकलं?"

"म्या पायलं नाई, पण अवघं गाव धावून राह्यलं ना! खोट्यासाठी इतके लोकं धावन का?"

धावतात. एकदा धरण फुटल्याच्या आवईवर याच तालुक्यातली दोन गावे टेकडीवर जाऊन बसली होती. धरण जागच्या जागी होते. पण या वेळी गाडी पवनारच्या पुलापाशी पोहोचेपर्यंतच सेलूकडच्या आभाळात धूर दिसला.

विमान ज्या दिशेने आले त्या दिशेला कापसाचे शेत, मग ज्वारीचे, मग कालवा. कालव्याला दोन्ही बाजूंनी मातीचा भराव. भरावाच्या पलीकडे सपाट पडीक जमीन, बरीच लांब. विमान त्या पडीक जमिनीवर उतरायला निघाले होते हे जागा पाहणाऱ्या कोणालाही कळत होते. ते पोहोचले नाही. पुढचा भाग भरावावर आदळून फुटला, शेपटाकडचा भाग ज्वारीत राहिला. वाचले ते बहुतेक मागे बसलेले.

कापूस वेचणाऱ्या बाया सगळ्यांत आधी पोहोचल्या होत्या. कापूस बांधायची फडकी त्यांनी जमिनीवर अंथरली आणि माणसे त्यांवर निजवली. पुरुष मागच्या दारातून माणसे ओढून काढत होते. त्यांत पन्नाशीचा एक किडकिडीत गृहस्थ होता, दोन्ही तळहात भाजलेले, तरी परत परत आत शिरणारा. हा शामराव उईके. त्या ज्वारीच्या शेताचा सोकारी.

मृतांचा आकडा घेण्याची एक पद्धत असते. घटनास्थळी विचारायचा नाही. तिथे प्रत्येकाकडे वेगळा असतो. पोलिसांचा घ्यायचा, पण लगेच छापायचा नाही. शवागाराबाहेर थांबायचे आणि तिथला घ्यायचा. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काही वाहिन्यांनी खऱ्याच्या तिप्पट माणसे मारली होती. आमच्या दैनिकात दुसऱ्या दिवशी आलेला आकडा पुढे बदलावा लागला नाही. या धंद्यात ज्याला अभिमान म्हणता येईल असे थोडे असते, त्यात हे धरता येईल.

दुसरी अडचण गावाच्या नावाची होती. विमानाचे नाक एका गावच्या शिवेत होते, शेपूट दुसऱ्या गावच्या. पहिल्या दिवशी मंत्री येणार असे कळल्यावर दोन्ही सरपंचांचे फोन आले. "साहेब, आमच्या गावाचं नाव टाकजा. तिकडं तं नुसतं शेपूट हाय." तिसऱ्या दिवशी दोघांचेही पुन्हा फोन आले. आता दोघांनाही आपल्या गावाचे नाव नको होते. मधल्या काळात जे झाले ते शामराव उईके याच्यामुळे झाले.

सोकारी म्हणजे काय, ते ज्वारी न पिकणाऱ्या भागातल्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. ज्वारी दुधात आली की तिच्यावर भोरड्या उतरतात. साळुंकीएवढा, गुलाबी अंगाचा, काळ्या डोक्याचा हा पाहुणा पक्षी हजारोंच्या थव्याने येतो. थवा उठला की आभाळात काळे कापड झटकल्यासारखे दिसते. पूर्वी शिवारभर ज्वारी असायची, तेव्हा थवे वाटले जायचे. आता सगळीकडे कापूस, तूर, सोयाबीन आणि हरभरा. जो एखादा ज्वारी पेरतो, त्याच्याच शेतात आसपासच्या सगळ्या भोरड्या येतात. म्हणून सोकारी ठेवावा लागतो. तो दिवसभर माचाणावर बसतो, ओरडतो, गोफण फिरवतो. हल्ली त्याच्याकडे पाइपाचा बार असतो: प्लास्टिकचा नळ, आत कार्बाइडचे खडे, वर थोडे पाणी, आणि पेटवायला लायटर. आवाज सुतळी बॉम्बसारखा होतो.

पाखरे उडवण्यालाही एक रीत आहे. शेजाऱ्याच्या पिकावर ती हाकायची नाहीत. हाकली तर भांडण होते, आणि सोकाऱ्याला पुढच्या वर्षी कोणी बोलावत नाही. या शेताला तीन बाजूंनी लोकांची पिके होती. चौथ्या बाजूला कालवा. म्हणून उईके नेहमी कालव्याच्या विरुद्ध कोपऱ्यात बसायचा आणि तिथून बार काढायचा. थवा उठून कालव्याकडे जायचा. त्याच्याआधी त्याचा बापही याच कोपऱ्यात बसत असे.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी एका वाहिनीचा प्रतिनिधी उईकेकडे गेला. आदल्या दिवशी त्याच वाहिनीने त्याला माणसे वाचवणारा देवदूत म्हटले होते. भाजलेल्या हातांचे चित्र घ्यायचे होते. उईकेने हात दाखवले आणि विचारले नसताना सांगितले, "पाखरं म्याच उडवले." त्यापुढेही तो बोलत होता. ते प्रसारित झाले नाही. हे तीन शब्द दिवसभर पडद्यावर फिरत राहिले. संध्याकाळपर्यंत देवदूताचा गुन्हेगार झाला होता.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला जबाबासाठी बोलावले. मी ठाण्यावर जखमींची नावे तपासायला गेलो होतो. आवारातल्या कडुलिंबाखाली उईके, त्याची बायको सुमन आणि शेतमालक वसंतभाऊ उभे होते. बार वसंतभाऊंनी आणून दिलेला होता आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता. माझ्याकडे पाहून त्यांनी आवाज कमी केला, पण तो कमी करूनही ऐकू येण्याइतका होता.

"शामराव, ठाणेदारानं इचारलं तं एवढंच सांगजो. रोजचा बार होता. इमान पायलंच नाई."

"पायलं ना, भाऊ."

"अरे पायलं असन बा! पण थे सांगाले तुले कोणं सांगतलं?"

"थे इचारन ना, काऊन काढला बार म्हणून. मंग का सांगू?"

"पाखरं बसले होते म्हणून सांग. सोकारी हायेस ना तू, का पायलट हायेस?"

सुमन म्हणाली, "भाऊ बरोबर सांगून राह्यले. न पायता झालं तं चूक. पाहून केलं म्हणसान तं मुद्दाम होते. तुमाले जेलात जायाचं हाय का?"

"मुद्दामच केलं व मी," उईके म्हणाला. "चांगल्यासाठी केलं, पण मुद्दामच केलं."

वसंतभाऊंनी माझ्याकडे पाहून हात जोडले आणि ते बाजूला गेले. जाताना म्हणाले, "साहेब, हे छापजा नका. याले अक्कल नाई."

उईकेने मला थांबवून घेतले. टीव्हीवाल्याने अर्धे दाखवले, तुम्ही पूर्ण लिहा, असे त्याचे म्हणणे होते. त्याने सांगितले ते असे.

"मी माचाणावर होतो. मांगून आवाज आला, पण नेहमीसारखा नाई. खरखर. पायतो तं इमान, कापसावरून खाली खाली येऊन राह्यलं. एक पंखा फिरतच नोता. समोर माया ज्वारीत भोरड्या बसल्या होत्या. पूर्ण वावर काळं. मले वाटलं, याले उतराले जागा पायजे, अन् पाखरं आडवे बसले हायेत. हटवले तं जागा होईन. म्हणून बार काढला. थव्यानं उठले अन् कालव्याकडं गेले. रोज तिकडंच जातेत. इमानबी तिकडंच जाऊन राह्यलं होतं, थे मायं ध्यानात नाई आलं. मंग दुसरा पंखाबी बंद झाला."

त्याने हेच ठाणेदारांपुढे सांगितले. बार जप्त झाला. गुन्हा दाखल करायचा की नाही, हे विमान अपघाताचा तपास करणाऱ्या पथकाचा अहवाल आल्यावर ठरेल, असे ठाणेदारांनी सांगितले. निष्काळजीपणाने नऊ माणसांच्या मृत्यूला कारण झाल्याचा तो गुन्हा असता. दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकात त्याचे म्हणणे संपूर्ण छापले गेले. त्या आधीच्या तीन शब्दांइतके ते कोणी वाचले असेल असे वाटत नाही.

तपास पथकाची माणसे आठवडाभर शिवारात होती. मोजपट्ट्या, छायाचित्रे, लाल झेंड्या. पक्ष्याची धडक असली की पुरावा म्हणजे पिसे, रक्ताचे डाग आणि मांसाचे कण. ते खरवडून पिशव्यांत भरतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे पक्ष्याची जात कळते. वैमानिकासमोरची काच फुटली होती, तिथेही पिसे होती. डाव्या इंजिनात होती, उजव्यातही. पथकातल्या एका अधिकाऱ्याला मी विचारले की सगळी एकाच पक्ष्याची आहेत का. तो म्हणाला, मला दिसते ते मी सांगत नाही, प्रयोगशाळा सांगते ते सांगतो. वार्ताहराला आवडणारे उत्तर नव्हते. तरी बरोबर होते.

वर्तमानपत्राला "का झाले" हे पहिल्याच दिवशी लागते. त्यासाठी चौकट राखून ठेवलेली असते आणि ती रिकामी सोडायची पद्धत नाही. खरे कारण दीड-दोन वर्षांनी येते, तेव्हा त्याला आतल्या पानावर दोन इंच जागा मिळते. मधल्या काळात चौकटीतले कारण लोकांच्या तोंडी बसलेले असते.

तेच झाले. त्या वर्षी उन्हाळ्यात मी त्या बाजूला दुसऱ्या कामाने गेलो होतो. बसथांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर उईके बसला होता. हात बरे झाले होते, पण डाव्याची बोटे पूर्ण मिटत नव्हती. डोक्यावरून, फार उंचावरून, एक विमान गेले. टपरीवरचा एक जण म्हणाला, "काय गा शामराव, याचं का करतं? हे सोडून देतं का?" बाकीचे हसले. उईकेही थोडा हसला. दुसरा म्हणाला, "अबे, बार पोलिसाइनं नेला त्याचा, नाई तं खाली आलं असतं." टपरीवाल्याने विषय बदलला. उईके चहा संपवून उठला. मला म्हणाला, "तुमाले कायी समजलं का, साहेब? कोणते पाखरं होते?"

नाही म्हणून सांगितले. पुढे तो दर दोन-तीन महिन्यांनी फोन करून हेच विचारायचा. गुन्हा दाखल होणार का, हे त्याने एकदाही विचारले नाही. ते सुमन विचारायची, त्याच्या हातातून फोन घेऊन.

त्या काळात त्याला सोकारीच्या कामाला कोणी बोलावले नाही. वसंतभाऊंनी ज्वारी पेरणे एक वर्ष बंद ठेवले. तो कापूस वेचायला, हरभरा सोंगायला जायचा. सोंगताना उजव्या हातात विळा आणि डाव्या मुठीत पेंढी धरावी लागते, आणि ती त्याच्याने नीट धरवत नव्हती. सुमनने सांगितले की घरात तो कमी बोलतो आणि वावरात पाखरांचा थवा दिसला की काम टाकून उभा राहतो.

अहवाल आला तो दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी. इंग्रजीत, जाड. मी निवृत्त झालो होतो, तरी ओळखीने प्रत मिळवली आणि दोन दिवस वाचली. त्यात जे होते ते असे.

उडाल्यावर विमान वर चढत असताना, भोरड्या जातात त्याच्या कितीतरी वर, त्याला मोठ्या पक्ष्यांचा थवा धडकला. ते पट्टकादंब होते. हिमालयापलीकडून हिवाळ्यात आपल्याकडच्या तलावांवर येणारे बदकाच्या कुळातले जड पक्षी. एक काच फोडून आत आला. मुख्य वैमानिक त्यातच जखमी होऊन विमान चालवण्याजोगा राहिला नाही. डावे इंजिन बंद पडले. उजव्याचीही ताकद घटली. सहवैमानिक तरुण बाई होती. तिने एकटीने विमान सांभाळले, परत फिरण्याइतकी उंची टिकत नाही हे पाहून सपाट जागा शोधली, आणि कालव्यापलीकडची पडीक जमीन निवडली. ती वाचली. शेतावर येताना समोर काळे काहीतरी उठले, असे तिने सांगितले आहे. त्यानंतर उजवे इंजिनही बंद पडले.

अपघाताचे मूळ कारण म्हणून अहवालात पट्टकादंबांची धडक लिहिली आहे. बाराचा उल्लेख आहे. तो काढणाऱ्यावर दोष ठेवलेला नाही. या निष्कर्षावर पोलिसांनी गुन्हा दाखल न करण्याचे ठरवले.

हे सांगायला मी त्याच्या घरी गेलो. दुपार होती. सुमन अंगणात तूर पाखडत होती. उईके ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. मी निष्कर्ष वाचून मराठीत सांगितला. सुमनने सूप खाली ठेवले, पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "म्हंजे सुटले ना हे? पक्कं?"

"पक्कं. गुन्हा होणार नाही."

"मी सांगून राह्यली होती ना यायले! वरचेच कोणते तरी पाखरं होते. वरचेच." ती चहा टाकायला आत जायला निघाली.

उईके हलला नाही. "साहेब, वरच्या पाखराइनं एक पंखा बंद केला ना?"

"हो. डावा."

"अन् उजव्या पंख्यात कोणते पाखरं सापडले?"

"दोन जातींचे. पट्टकादंब, आणि भोरड्या."

सुमन दारातच थांबली. "झालं ना आता! साहेबानं सांगतलं ना सुटले म्हणून? काऊन उकरून राह्यले मंग?"

"थांब व जरासी." मग मला, "म्या बार नसता काढला, तं इमान कालव्याच्या पल्ल्याड गेलं असतं का? थे लेहलं असन ना?"

त्यावर एक परिच्छेद होता. मी तो काढून वाचला. उजव्या इंजिनाची उरलेली ताकद शेवटपर्यंत टिकली असती, तर विमान कालवा ओलांडू शकले असते की नाही, हे उपलब्ध माहितीवरून ठरवता येत नाही. बार काढला गेला नसता, तरी विमानाच्या आवाजाने थवा उठला असता की नाही, हेही ठरवता येत नाही.

"म्हंजे?"

"म्हणजे त्यांनाही सांगता येत नाही."

"उठल्या असत्या का नाई, थे?"

"तेही नाही."

"भोरड्या इमानाच्या आवाजानं नाई उठत, साहेब," तो म्हणाला. "रोज जातेत वरून."

"ते उंचावरून जातं, शामराव. हे खाली होतं."

"हो. खाली होतं. अजून एक डाव वाचा."

मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. सुमन आत गेली. चहा झाला, तो आम्ही घेतला.

अहवालाची बातमी दोन दिवसांनी आतल्या पानावर आली. त्यात उईकेचे नाव होते आणि दोष नसल्याचे वाक्य होते. वसंतभाऊंनी ती कापून त्याच्या घरी पाठवली, आणि निरोप दिला की यंदा ज्वारी पेरतो, सोकारीला येजो. उईकेने नाही म्हणून कळवले. सुमनने हो म्हणून कळवले.

गेल्या महिन्यात मी त्या शेतावर जाऊन आलो. ज्वारी दुधात होती. माचाण त्याच कोपऱ्यात आहे. सोकारी आता सुमन करते. तिच्याकडे बार नाही, गोफण आहे. उईके दुपारी भाकर घेऊन बांधापर्यंत येतो, भाकर बांधावर ठेवतो आणि परत जातो. वावरात पाय टाकत नाही, असे तिने सांगितले. विमान वरून जायला लागले की ती हात थांबवते आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत गोफण फिरवत नाही. उईकेने तिच्याकडून तसे वचन घेतले आहे. नागपूरची विमाने दिवसातून बऱ्याच वेळा त्या शिवारावरून जातात. तेवढ्या वेळात भोरड्या कणसांवर बसतात आणि खातात.